आडात आहे, पोहऱ्यात नाही: सातारा-सांगलीच्या व्हिडिओ धंद्यातले न दिसणारे इफेक्ट

संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर इफेक्ट टाकलेला असतो, यादीत त्याचे नाव दिसते, पण पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे राहते. या बिघाडाला एडिटिंगच्या धंद्यात ‘इफेक्ट लागला नाही’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. इफेक्ट बहुतेक वेळा लागलेला असतो, तो डोळ्यापर्यंत पोचत नाही एवढेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे उलटी होते: आडात पाणी आहे, मधला दोर कुठे तरी तुटला आहे. हा दोर नेमका कुठे तुटतो याचे उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेले आहे. कधी तो फितीत तुटला, कधी वीजपुरवठ्यात, कधी ग्राफिक्स कार्डात, तर कधी अक्षरांच्या फॉन्टमध्ये. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या व्हिडिओ धंद्याचा इतिहास या तुटलेल्या जागांवरून बऱ्यापैकी वाचता येतो.

दोन जिल्हे एकत्र धरण्याला कारण आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कारभार वेगळा झाला, पण कृष्णाकाठची लग्ने, जत्रा आणि बाजारपेठा सामाईकच राहिल्या. कऱ्हाडचा छायाचित्रकार वाळव्याच्या मांडवात उभा असतो आणि विट्याच्या लग्नाचे चित्रण मिरजेत संकलित होते. त्यामुळे धंद्याची रीत आणि त्यातले बिघाडही दोन्हीकडे एकाच जातीचे असतात.

‘इफेक्ट’ हा शब्द या भागात व्हिडिओबरोबर आला. ती गोष्ट मात्र त्याच्या किती तरी आधीची आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ रंगवले. त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत रंगमंचावर येई तेव्हा मशालीच्या ज्योतीवर राळेची पूड उडवून भपका काढत. हा भपका म्हणजे मराठी रंगभूमीचा पहिला दृश्य इफेक्ट म्हणायला हरकत नाही, आणि त्याच्या फसण्यामागेही शास्त्र होते. राळ वस्त्रगाळ आणि कोरडी असेल तर तिचा कण न् कण हवेत वेगळा होतो आणि सगळे कण एकदम पेट घेतात. ओल लागून गोळे झालेली राळ मात्र ज्योतीतून न पेटताच खाली पडते. राळ उडवणाऱ्याचे काही चुकलेले नसते, तो वेळेवर आणि नेमक्या जागी पूड टाकतो, तरी प्रेक्षकाला काही दिसत नाही. यावरचा उपाय प्रयोग सुरू होण्याआधीच करावा लागे: पूड वाळवायची, चाळायची आणि चिमूटभर पेटवून बघायची. पुढे संगणकावर इफेक्टची झलक आधी तपासण्याची जी सवय लागली, ती या चिमटीपेक्षा फार वेगळी नाही.

चित्रपटाने ही चिमूटही काढून घेतली. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेल्या ‘सैरंध्री’त कीचकाच्या शिरच्छेदाची करामत इतकी खरी वाटली की त्या दृश्याला सेन्सॉरची कात्री लागली. न दिसणाऱ्या इफेक्टच्या इतिहासात नको तितका दिसलेला हा इफेक्ट १९२० सालचा. त्या काळी अशी बरीचशी करामत कॅमेऱ्याच्या आतच होई. हँडल थांबवायचे, फिल्म मागे फिरवायची आणि त्याच फिल्मवर दुसरे चित्र घ्यायचे. ते जमले की फसले हे फिल्म धुतल्यावरच कळे आणि फसले असेल तर दुरुस्तीला वाव नसे. सातारा-सांगलीला या कलेचा वारसा थिएटरच्या तिकीटखिडकीतून मिळाला, धंदा म्हणून नव्हे. धंदा म्हणून चित्र हलवणे आणि त्यावर करामत करणे इथे आले ते लग्नाच्या मांडवातून.

१९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत व्हीसीआर आधी भाड्याने आणि मग विकत घराघरांत पोचला. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेली व्हीएचएस कॅसेट ही लग्नाची नवी आठवण झाली. सुरुवातीच्या संचात कॅमेरा एकाच्या खांद्यावर, तर चित्र टिपणारा व्हीसीआर दुसऱ्याच्या खांद्याला अडकवलेला असे. तिसरा पोरगा हॅलोजनचा दिवा धरून उभा राही आणि त्या उष्णतेने भटजींना घाम फुटे. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक दक्षिणेतल्या आणि उत्तरेतल्या शहरांत सोने-चांदी गाळायला गेलेले, पाटण-जावळीचे माथाडी कामगार मुंबईत. गावच्या लग्नाला ज्यांना येता आले नाही, त्यांच्याकडे कॅसेट जाई. व्हिडिओ धंद्याच्या वाढीमागचे हे कारण फारसे सांगितले जात नाही, पण ते दणकट आहे.

या पिढीचे पहिले इफेक्ट भिंगावर स्क्रूने बसत. दिव्याभोवती चांदणीचे किरण उमटवणारी स्टार फिल्टर नावाची काच त्यात सर्वांत लाडकी. तिच्यावर बारीक समांतर रेघा कोरलेल्या असतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर लखलखणाऱ्या ठिपक्याचाच प्रकाश त्या रेघांतून किरणांसारखा पसरतो. संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला, मांडवातल्या दिव्यांच्या माळांवर ती खुलून दिसे. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला, कनातीतून झिरपणाऱ्या सपाट उजेडात, तीच काच नुसती धुरकट वाटे. काचेत बिघाड नसे, चमकणारा ठिपकाच नसे. हाच प्रकार पुढे सॉफ्टवेअरमधल्या ‘ग्लो’ आणि ‘लाइट रेज’ या इफेक्टांच्या बाबतीत घडतो. त्यांना उजळ भागाची किमान मर्यादा ठरवून दिलेली असते. चित्रात तेवढे उजळ काहीच नसेल तर इफेक्ट इमानदारीने काम करतो आणि दाखवायला काही उरत नाही.

खरी करामत सुरू झाली ती दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर यांच्या जोडणीने. या कामाला ‘मिक्सिंग’ म्हणत आणि संगणक आल्यावरही संकलनाला हेच नाव बराच काळ चिकटून राहिले. एका यंत्रातून विधीचे चित्र, दुसऱ्यातून नवरा-नवरीचे जवळून घेतलेले चित्र आणि मिक्सरवर बदामाच्या आकाराची चौकट. बदामात दोघांचे चेहरे दिसले की कॅसेटचे पैसे वसूल, असा तो काळ होता. पण दोन चित्रे एकत्र आणणे वाटते तितके सोपे नसते. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र ६२५ ओळींचे असते. दोन व्हीसीआर स्वतंत्रपणे सुरू केले की एक वरच्या ओळीवर असतो, तेव्हा दुसरा कुठे तरी मध्यावर. दोन टाळकरी वेगवेगळ्या मात्रेवर टाळ वाजवत असावेत तसे हे होते. अशा वेळी बदामाऐवजी फाटलेले, घसरणारे चित्र येते किंवा काहीच येत नाही.

यावर तोड काढली ती पॅनासॉनिकच्या एमएक्स-१२ आणि एमएक्स-५० यांसारख्या डिजिटल मिक्सरांनी. बाहेरून आलेले अख्खे चित्र ते आपल्या स्मृतीत साठवत आणि दुसऱ्याच्या ठोक्याशी जुळवून बाहेर सोडत. तरीही एक अडचण उरली. कॅसेटवर मधेच कोरा भाग आला की व्हीसीआर निळा पडदा दाखवतो, आणि मग बदामात नवरा-नवरीऐवजी निळा रंग भरतो. शोध मिक्सरमध्ये घ्यायचा नसे, कॅसेटच्या पोटात घ्यायचा असे. चित्रणाच्या वेळी कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करताना दोन-चार सेकंद जास्त फीत सोडायची सवय यातून लागली.

रंगाच्या किल्लीचा, म्हणजे ‘की’चा, गोंधळ मात्र फक्त इथलाच असावा. ‘की’ म्हणजे चित्रातला ठरावीक रंग पारदर्शक करून त्याच्या जागी दुसरे चित्र दाखवण्याची सोय. जगभर त्यासाठी हिरवा किंवा निळा पडदा वापरतात, कारण माणसाच्या कातडीत हे रंग फारसे नसतात. मराठी नवरीच्या हातात मात्र हिरवा चुडा असतो आणि अंगावर पुष्कळदा हिरवा शालू. हिरव्या पडद्यासमोर तिला उभे केले की मागच्या ताजमहालाचे तुकडे तिच्या मनगटावर दिसू लागत. म्हणून अशा वेळी निळा पडदाच वापरायचा. इफेक्ट दिसत नाही या तक्रारीची ही उलटी बाजू, आणि नवरीच्या आईची तक्रार यात अधिक कडक असे.

चातुर्मासात लग्ने नसतात. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत गोळा झालेल्या कॅसेटी पावसाळ्यात मिक्सिंगला बसत, आणि महाबळेश्वर ते कोयना या पट्ट्यातला पावसाळा चुंबकीय फितीचा वैरी. ओलीने फितीवर बुरशी धरते, ती व्हीसीआरच्या हेडवर जाऊन बसते आणि चित्रावर बर्फासारखे ठिपके पडतात. त्यातच एका कॅसेटवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर नक्कल झाली की मुळात जेमतेम असलेला तपशील आणखी विरतो. मूळ मिक्सिंगच्या वेळी स्पष्ट दिसलेली बारीक सोनेरी चौकट तिसऱ्या नकलेत अंधूक तपकिरी पट्टा होऊन जाते. मामाला मिळालेल्या कॅसेटमध्ये इफेक्ट नाही अशी तक्रार आली तर ती बऱ्याचदा नकलेच्या पिढीबद्दलची असे. जाड रेषांच्या आणि भडक रंगांच्या चौकटींची त्या काळातली आवड निव्वळ अभिरुचीची नव्हती. बारीक नक्षी फितीवर टिकतच नसे.

१९९५ मध्ये डीव्ही हे डिजिटल स्वरूप आले आणि पुढच्या दहा वर्षांत सोनीचा पीडी-१७० किंवा पॅनासॉनिकचा एमडी-१०००० लग्नाच्या मांडवात दिसू लागला. छोट्या कॅसेटमधले चित्र फायरवायरच्या तारेने संगणकात उतरवता येऊ लागले आणि नकलेची झीज संपली. मात्र बिघाडाच्या जागा वाढल्या. आधी यंत्रे दोन-तीन होती, प्रत्येकाला आपापले बटण होते आणि संशय घ्यायला मोजक्याच जागा होत्या. आता संगणक, व्हिडिओ कार्ड, कार्यप्रणाली, सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क असा लांबलचक दोर झाला.

डीव्हीचे एका तासाचे चित्रण सुमारे १३ गीगाबाइट होते. त्या वेळी बऱ्याच संगणकांतली डिस्क फॅट-३२ पद्धतीने बांधलेली असे आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ गीगाबाइटची मर्यादा आहे. म्हणजे सुमारे १९ मिनिटे. सप्तपदी सुरू असतानाच उतरवणे थांबले तर दोष कॅमेऱ्याचा नसे, डिस्कच्या बांधणीचा असे. एनटीएफएस पद्धतीने डिस्क नव्याने बांधली की प्रश्न सुटे, पण त्याआधी तिच्यावरची लग्ने दुसरीकडे हलवावी लागत.

अडोबीचे प्रीमियर हे सॉफ्टवेअर १९९१ पासूनचे. जिल्ह्याच्या गावांत ते रुळले ते सहाव्या आवृत्तीच्या आसपास, मॅट्रॉक्स, पिनॅकल किंवा कॅनोपसच्या व्हिडिओ कार्डाबरोबर. ‘इफेक्ट लागला नाही’ ही तक्रार याच सुमारास धंद्याची रोजची भाषा झाली, आणि तिच्यामागचे कारण गमतीचे होते. प्रीमियरच्या त्या आवृत्तीत इफेक्ट टाकल्यावर टाइमलाइनच्या डोक्यावर लाल पट्टी येई. तिचा अर्थ एवढाच की या भागाचे चित्र अजून तयार झालेले नाही. नुसते वाजवून पाहिले तर मूळ चित्रच दिसे. एंटरची कळ दाबून रेंडर करावे लागे किंवा ऑल्ट कळ दाबून टाइमलाइनवर हळूहळू सरकावे लागे, तेव्हा कुठे इफेक्ट दिसे. एमएक्स-५० वर बटण दाबताच बदाम पाहायची सवय झालेल्या माणसाला हे उमजायला वेळ लागला. नवशिक्याने तोच इफेक्ट तीनदा टाकायचा आणि रेंडर झाल्यावर चित्र तिप्पट धूसर व्हायचे.

रेंडर म्हणजे इफेक्टसह प्रत्येक चित्र नव्याने मोजून डिस्कवर लिहिणे. एका मिनिटात १५०० चित्रे, आणि तेव्हाच्या प्रोसेसरला एका दाट इफेक्टसाठी एका चित्रामागे सेकंदभर लागणे काही नवल नव्हते. रेंडर लावून माणूस जेवायला जाई. इथे महाराष्ट्राचा एक वेगळाच इतिहास मधे येतो. २००५ च्या पुढे काही वर्षे ग्रामीण भागात रोज कित्येक तास भारनियमन होते. रेंडर चालू असताना वीज गेली आणि यूपीएसने दम तोडला, की झलकेची फाइल अर्धवट राही. वीज आल्यावर प्रकल्प उघडे, पट्टीही हिरवी दिसू शके, पण वाजवताना मध्येच चित्र काळे पडे. अशा वेळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याने काही होत नाही. झलकेच्या तात्पुरत्या फाइली पुसून रेंडर पहिल्यापासून लावायचा, हाच उपाय. हे ज्ञान पुस्तकातून आले नाही. भारनियमनाचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवून त्याप्रमाणे रेंडर लावणाऱ्यांनी ते शोधले.

कार्डांनी हा ताण थोडा कमी केला, पण नवी फसगतही आणली. कार्डाला येणारे इफेक्ट ताबडतोब बाजूच्या टीव्हीवर दिसत आणि न येणारे दिसत नसत. दोन्ही इफेक्ट सॉफ्टवेअरच्या एकाच यादीत शेजारीशेजारी असत. फरक कळायला कार्डाची पुस्तिका लागे आणि ती बहुधा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानातच राहिलेली असे.

एडिअसने हे चित्र बदलले. जपानच्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीचे हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये निघाले आणि भारतीय लग्नांच्या धंद्यात त्याने जवळजवळ एकहाती जागा घेतली. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची, वेगवेगळ्या स्वरूपाची चित्रे एकाच टाइमलाइनवर रेंडर न करता वाजवणे ही त्याची ताकद. हंगामात एका आठवड्यात चार लग्ने उरकणाऱ्याला तीच हवी होती. एडिअसमध्ये क्लिप निवडली की माहितीच्या चौकटीत तिच्यावरच्या इफेक्टांची यादी येते आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण असते. ही खूण चुकून निघाली की इफेक्ट यादीत राहतो पण झोपलेला. दुसरी गंमत क्रमाची. यादीत इफेक्ट ज्या क्रमाने असतील त्या क्रमाने चित्रावर चढतात. आधी चित्र काळे-पांढरे केले आणि नंतर त्यातला लाल रंग उठावदार करणारा इफेक्ट टाकला, तर उठावदार करायला लाल उरलेलाच नसतो. आधी हळद मग अक्षता हा क्रम मोडला तर लग्न लागत नाही, तसेच हे.

याच काळात ‘प्रोजेक्ट’ विकण्याचा एक उपधंदा उभा राहिला. सनई-चौघड्याच्या गाण्यावर बेतलेली, फुलांच्या पाकळ्या, कलश, गणपती आणि फिरत्या चौकटींची तयार मांडणी डीव्हीडीवर मिळे. तीत फक्त नवरा-नवरीच्या क्लिपा टाकायच्या. ज्या संगणकावर हे प्रोजेक्ट बनले, त्यावर जर्मनीच्या प्रोडॅडचे व्हिटासीन किंवा न्यूब्लूचे प्लगइन असे. विकत घेणाऱ्याच्या संगणकावर ते नसेल तर उघडताना एक सूचना येई, घाईत तिच्यावर क्लिक होई आणि प्रोजेक्ट इफेक्टांशिवायच उघडे. पाककृती हातात आहे पण गोडा मसाला घरात नाही, असा प्रकार. चोरून उतरवलेल्या प्लगइनांनी यात भर घातली. अँटिव्हायरस त्यातली एखादी फाइल गुपचूप उचलून नेई, आणि काल दिसणारा इफेक्ट आज का दिसत नाही याचा पत्ता लागत नसे. अर्थात डोंगल, म्हणजे अधिकृत सॉफ्टवेअरची किल्ली, विकत घेणारे सगळे सुखात होते असेही नाही. २०१३ मध्ये एडिअसची सातवी आवृत्ती ६४ बिटची झाली आणि ३२ बिटसाठी लिहिलेली जुनी प्लगइने तिच्यात चालेनाशी झाली. प्रीमियरमध्ये हेच २०१० मध्ये सीएस-५ बरोबर झाले होते. काही दुकानांत जुना संगणक जुन्या आवृत्तीसह कोपऱ्यात जपून ठेवला जातो तो यासाठी. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाची नवी प्रत कुणी मागितली, तर तोच उघडतो.

डीव्हीडीवरच्या त्या फुलांच्या पाकळ्यांना आणखी एक आजार होता. पाकळी दिसावी आणि तिच्याभोवतीची जागा पारदर्शक राहावी यासाठी फाइलमध्ये अल्फा नावाची चौथी पाटी लागते. लाल, हिरवा आणि निळा या तीन पाट्या रंग सांगतात आणि चौथी सांगते की कुठे आरपार दिसू द्यायचे. बऱ्याच क्विकटाइम फाइलींत ही पाटी असते. लग्नाच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या साध्या एमपी-४ मध्ये ती नसते. जागा वाचवण्यासाठी कुणी पाकळ्या एमपी-४ मध्ये बदलल्या की त्यांच्यामागे काळा पडदा उभा राही आणि नवरा-नवरी त्याआड जात. काळा भाग गळून पडेल अशा ‘स्क्रीन’ पद्धतीने ती क्लिप मिसळली की काम भागते, पण पाकळीही थोडी फिकी होते. पुढे अ‍ॅपलने २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइमचा आधार काढला आणि अडोबीने २०१८ मध्ये जुन्या क्विकटाइम काळातले अनेक कोडेक वगळले, तेव्हा पाकळ्यांचे काही संग्रह एका रात्रीत मुके झाले.

मराठी अक्षरांचा प्रश्न या सगळ्याहून जवळचा, आणि परदेशी मार्गदर्शकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरे प्रत्येक शीर्षकात लागतात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी येते आणि उच्चारात नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे ‘च’ नंतर, साठवली जाते आणि दाखवताना अक्षराच्या आधी आणावी लागते. हे काम अक्षरे मांडणाऱ्या यंत्रणेचे. ती केवळ युरोपीय लिप्यांसाठी बनवलेली असली की वेलांटी ‘च’ च्या मागे लोंबकळते, जोडाक्षरे फुटतात, आणि ‘प्रिया’ या नावाचे तीन-चार सुटे तुकडे होतात. कित्येक वर्षे यावरचा उपाय होता पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा तसलीच दुसरी प्रणाली. तिथे अक्षरे दिसतील त्या क्रमानेच साठवायची, मग संकलनाच्या सॉफ्टवेअरला लिपी समजण्याची गरज उरत नसे. या तोडग्याची किंमत अशी की तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसे. आता प्रीमियरच्या पसंतींमध्ये दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या लिप्यांसाठी अक्षरयंत्रणा निवडता येते. ती निवडून शीर्षक नव्याने लिहिले की ‘चि.’ सरळ उभा राहतो. तरीही अनुभवी संकलक शीर्षक दुसरीकडे तयार करून चित्र म्हणूनच आत घेतात. लग्नपत्रिकेशी नाव जुळले नाही तर भांडण इफेक्टपुरते राहत नाही.

सीएस-५ ने इफेक्ट मोजण्याचे काम ग्राफिक्स कार्डावर सोपवले आणि दोराला आणखी एक गाठ पडली. सुरुवातीला एनव्हिडियाच्या मोजक्याच कार्डांना मान्यता होती. ती नावे एका साध्या मजकूर फाइलीत होती आणि आपल्या स्वस्त कार्डाचे नाव त्या फाइलीत हाताने लिहिले की काम होते, हा शोध जगभर झाला आणि इथेही पोचला. हा उपाय चालायचा, पण कार्डाची स्मृती अपुरी असली तर दाट इफेक्टच्या जागी काळे चित्र किंवा रंगीत चौकोन येत. या बिघाडाची परीक्षा सोपी आहे. प्रकल्पाच्या मांडणीत रेंडरचे काम कार्डाकडून काढून केवळ प्रोसेसरकडे द्यायचे. तसे केल्यावर इफेक्ट दिसला तर दोष कार्डाचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा. तरीही नाही दिसला, तर इफेक्टच्या मांडणीत चूक आहे. इतकी स्वच्छ परीक्षा या धंद्याला आधी कधी मिळाली नव्हती.

कास पठारावर, मेणवलीच्या घाटावर आणि हरिपूरच्या संगमावर लग्नाआधीची चित्रणे सुरू झाली तशी बदामाची चौकट मागे पडली. बारीक तपशील टिकू लागला आणि भडक नक्षी गावंढळ वाटू लागली. आताचा इफेक्ट म्हणजे रंगांची छटा, आणि तिच्या तक्रारीही तितक्याच अस्पष्ट. छटा ठरवणारी लट नावाची फाइल ज्या फोल्डरमध्ये होती तिथून हलली, की चित्र फिकट राखाडी दिसते आणि संकलकाला वाटते कॅमेराच चुकीचा लावला होता. सर्व इफेक्ट एकदम झाकणारे प्रीमियरमधले ‘एफएक्स’चे बटण चुकून दाबले गेले तरी तेच होते. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत काही इफेक्ट दिसतात, पण चित्रावर कंपनीचा शिक्का घेऊन. मोबाइलवरच्या चित्रणाचा वेग एकसारखा नसतो, त्यामुळे अक्षता पडण्याच्या क्षणावर बसवलेला लखलखाट दोन-चार चित्रे मागेपुढे होतो.

बिघाड शोधण्याची रीतही बदलली. मिक्सरच्या काळात तारा हलवून बघत, मग हेड पुसत, मग कॅसेट बदलत. संगणकाच्या काळात पुण्याहून किंवा कोल्हापुरातून जाणकार मोटारसायकलवरून येई आणि त्याचे पैसे तासावर ठरत. आता एनीडेस्क या दूरून संगणक हाताळण्याच्या सॉफ्टवेअरवरून तो घरबसल्या टाइमलाइन पाहतो. त्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. क्लिप बरोबर निवडली आहे का, वरच्या ट्रॅकवरची दुसरी क्लिप तिला झाकते आहे का, अपारदर्शकता शून्यावर गेली आहे का, आणि इफेक्टचे टप्पे ठरवणाऱ्या कीफ्रेम चुकीच्या जागी पडल्या आहेत का, हे आधी पाहिले जाते. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. त्यानंतर तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात, मग कार्डाची परीक्षा, मग प्लगइनची आवृत्ती, आणि अगदी शेवटी सॉफ्टवेअर नव्याने टाकणे. नवखे मात्र नेमके उलट्या टोकाने सुरू करतात आणि पहिल्याच झटक्यात सॉफ्टवेअर काढून टाकतात.

सर्वांत उशिरा कळणारा बिघाड टाइमलाइनच्या पलीकडे असतो. संकलकाच्या पडद्यावर सगळे ठीक असते, चित्रफीत पेन ड्राइव्हवर जाते आणि जत किंवा फलटणच्या घरातल्या टीव्हीवर मंगलाष्टके ऐकू येतात, चित्र काळेच राहते. जागा वाचावी म्हणून फाइल एचईव्हीसी स्वरूपात किंवा १० बिट रंगांत काढलेली असते, आणि तो जुना टीव्ही ती उलगडू शकत नाही. मग तीच चित्रफीत एच-२६४ मध्ये, ८ बिटमध्ये पुन्हा काढून दिली जाते. आता बरीच दुकाने पहिल्याच वेळी अशा दोन फाइली देतात. एक टीव्हीसाठी, एक मोबाइलसाठी.